आत्याची कात्री आणि माझा पट्टा

पट्टा घरात आला त्या दिवशी आईने एवढंच विचारलं होतं, "ह्याचा उपयोग काय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं ते दूध उतू गेल्यावरच मिटलं, असं ती अजून येईल त्याला सांगते. दूध उतू गेलं हे खरं आहे. पण प्रश्न तिने विचारला होता, मी नाही.

आणि एवढ्या गुणी यंत्राबद्दल थोडक्यात बोलायचं तरी कसं? बाजारात त्याला बेल्ट सँडर म्हणतात, आमच्या घरात नुसता पट्टा. एक मोटर, एक मोठं चाक, दोन छोटी, आणि त्यांच्यावरून गरगर धावणारा, तीन बोटं रुंद, खरखरीत घासपट्टा. पट्ट्याच्या मागे एका ठिकाणी सपाट लोखंडी पाटी बसवलेली असते. तिथे वस्तू टेकवली की ती सपाट होते. पाटीच्या वर थोडा भाग असा आहे की मागे काहीच नाही. तिथे पट्टा जरा दबतो आणि वस्तूला मऊ गोलाई देतो. मोठ्या चाकावर नक्की काय करायचं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण चाक दिसायला झकास होतं. लोखंड कापलं की कडेला एक बारीक, दिसेल न दिसेल अशी धार उरते. ती कानशीने काढत बसलं की चहा निवतो. पट्ट्यावर ती कप उचलायच्या आत गेलेली असते. मग सांगा, उपयोग काय म्हणून विचारतात का?

मी दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि संध्याकाळी घरी येऊन लोखंड घासते. "घासायचीच एवढी हौस आहे तर मोरीत भांडी पडलीत," हे त्यावर आईचं ठरलेलं वाक्य. स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली हा माझा कारखाना. माझा म्हणजे बाबांचा आणि माझा. म्हणजे बाबांचाच, मी आपली भिंतीच्या एका बाजूला.

बाबा जन्मभर फिटर होते. निवृत्त झाले ते फक्त कारखान्यातून. त्यांच्या कानशी भिंतीवर लहानमोठ्या क्रमाने टांगलेल्या असतात आणि त्यातली एक जरी हलली तर त्यांना जेवताना कळतं. खोलीच्या मधोमध, जाड टेबलावर, कापडाखाली झाकून ठेवलेली एक बिडाची लादी आहे. ती इतकी सपाट आहे की बाबा तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. कुठलीही वस्तू सपाट आहे की नाही हे बघायचं तर लादीवर निळा रंग अगदी पातळ पसरायचा आणि वस्तू त्यावर हलकेच फिरवायची. जिथे निळं लागलं तो भाग वर, जिथे कोरं राहिलं तिथे खड्डा. मग निळं लागलेलं कानशीने घासायचं, पुन्हा फिरवायचं, पुन्हा घासायचं, जोवर सगळीकडे सारखं निळं लागत नाही तोवर. ह्या कामात बाबांची उभी हयात गेली आणि ती फार सुखात गेली. लग्नानंतर त्यांनी आईचं पोळपाट पहिल्यांदा उलटं करून बघितलं होतं म्हणतात. ते आईने अजून माफ केलेलं नाही.

असा माणूस पट्ट्याकडे कसा बघणार? "घाईच्या माणसाचं यंत्र आहे ते," बाबा म्हणाले. मी पट्टा चालू केला की ते खोलीतून निघून जायचे. निघून जायचे आणि मागच्या खिडकीत उभे राहायचे. त्यांचं टक्कल मला काचेतून दिसत असे, पण मी कशाला बोलू?

पहिल्या आठवड्यात मी अक्षरशः हवेत होते. दाराची कडी घासली. गंजलेला पाना घासला, तो असा लखलखला की तो आमचाच आहे हे बाबांना पटेना. ज्या ताटाच्या कडेने आईचं बोट दर महिन्याला कापायचं, ती कड गोल केली. बागेतलं खुरपं, सायकलचा स्टँड, शेजारच्यांच्या फाटकाचा बोल्ट. शेजारी नको नको म्हणत होते तरी. नळाची मूठ घासताना वरचा चकचकीत मुलामा उडाला आणि आतून पितळ निघालं, तर बाबा खिडकीतून नकळत "वा!" म्हणून गेले. शेवटी मी झारा घेऊन निघाले तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. "ठेव तो खाली. घरात एक तरी वस्तू जशी होती तशी राहू दे." चष्मा, हनुवटीखाली ओढलेला मास्क, केसांत लोखंडाची पूड, आणि ओठ कानापर्यंत, माझं ध्यान बघून तिलाच हसू फुटलं, म्हणून झारा वाचला.

ह्या धुमाळीत आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आणि शिंपीण. साधी नाही, कोट शिवणारी. तिच्या दुकानात मधोमध कापायचं लांब टेबल आहे आणि त्या टेबलाशी फक्त तीच उभी राहते. बाकी शिलाई, अस्तर, इस्त्री सगळं काजवाली बघते. काजवाली वीसेक वर्षं तिच्याकडे आहे, दोन मुलं कॉलेजात जातात तिची, पण आली तेव्हा काजं करायची म्हणून आत्याच्या लेखी ती काजवालीच राहिली. "शिवणारे पैशाला पासरी मिळतात," आत्या म्हणते, "कोट होतो तो कापताना." आणि कापायला आत्याने दुसऱ्या कुणाला कधी दिलेलं नाही.

त्या दिवशी तिने आल्या आल्या पिशवीतून तिची ती अवाढव्य कात्री काढून टेबलावर आदळली आणि उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. अंगठ्याचं मूळ सुजून टम्म झालं होतं.

"डॉक्टर म्हणतो सांधा झिजला. म्हटलं, मग झिजणारच की, तो काय शोभेला होता? अंगठा कडीत घातला की डोळ्यांत पाणी येतं बघ. बँडमास्तरचा कोट टेबलावर पडलाय. लालभडक लोकर, जाडजूड. खडूने आखून ठेवलाय आणि कापवत नाहीये."

"काजवालीला सांग ना कापायला," मी म्हटलं.

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पट्ट्यामागे सरकले.

"कापणं सुटलं की मी दुकानात बसायचं कशाला? गिऱ्हाइकाला पाणी द्यायला?" एवढं बोलून तिने सुजलेला हात पदराखाली घेतला. आईने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि बाबा उगाच कानशी मोजू लागले. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कुणाचं दुखणं ऐकून आनंद होणं वाईट, मान्य आहे. पण हे काम माझ्या पट्ट्यासाठीच जन्माला आलं होतं!

"आत्या, अंगठा कडीत घालायचाच नाही," मी म्हटलं. "कडीच काढून टाकू. तळहाताने दाबायचं."

"म्हणजे कसं?"

कसं ते मलाही ठाऊक नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं होतं. मी स्वयंपाकघरात पळाले, आईच्या परातीतून मळलेल्या कणकेचा गोळा उचलला आणि आत्याच्या हातात कोंबला. "दाब. कात्री चालवतेस तशी, पण अंगठ्याने नाही, तळव्याने." आत्याने दाबलं. कणकेत तिच्या तळव्याचा, बोटांचा, अंगठ्याच्या सुजलेल्या मुळाचा हुबेहूब ठसा उठला. "दुखलं?" "नाही गं!" तिचा आवाज चिरकला. आईने विचारलं, कणीक परत मिळणार का. नाही मिळाली.

मग जे काही दिवस गेले ते मी जमिनीवर चाललेच नाही. जुनी अंगठ्याची कडी करवतीने उडवली. जाड पितळेच्या दोन पट्ट्या रिव्हेट मारून तिच्या जागी बसवल्या आणि त्या ओबडधोबड ठोकळ्याला कणकेच्या ठशासारखं घडवत बसले. पट्ट्याचा तो मागे काही नसलेला भाग काय काम करतो म्हणून सांगू! पितळ टेकवावं, मनगट जरा वळवावं, की कोपरा वितळल्यासारखा गोल होतो. तापलं की पाण्यात बुडवायचं, चर्र, पुन्हा टेकवायचं. रोज संध्याकाळी आत्या स्टुलावर येऊन बसायची. "इथे टोचतंय." चर्र. "आता इकडे." चर्र. "आता बरंय, पण करंगळीला जागा दे, ती बिचारी कुठे जाईल?" कानशीने ह्या एकेका बोलण्याला एकेक संध्याकाळ गेली असती आणि आत्याला तेवढा दम निघाला नसता. ती हट्टाने बसायची, मी हट्टाने घासायचे, आणि दोघी मोठमोठ्याने बोलायचो, कारण मोटरीच्या आवाजात दुसरं काही जमत नाही. सगळ्या गल्लीला आत्याच्या करंगळीची हालहवाल कळत होती.

शेवटी एके दिवशी मूठ तिच्या हातात अशी बसली की ती उघडझाप करतच राहिली. "अगं दुखत नाही! धाकट्या, बघ, दुखत नाही!" बाबांना ती धाकट्या म्हणते. बाबा खोलीत आले होते, पट्टा चालू असताना, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. आत्याने त्यांच्या शर्टाची बाही पकडून पात्यांत धरली तेव्हा मात्र लक्षात आलं आणि त्यांनी हात मागे ओढला.

"रोज पाण्यात बुडवून पाती गंजलीत ताई," ते म्हणाले. "ठेवून जा. उद्या संध्याकाळी ने. मी साफ करतो."

"तुम्ही? पट्ट्यावर?" मी विचारलं.

"फक्त गंज," बाबा म्हणाले. आणि कान लाल झाले त्यांचे.

मला इतका आनंद झाला की पुढचा मागचा काही विचारच केला नाही. पट्ट्याचा शत्रू स्वतःहून पट्ट्याशी उभा राहणार होता! दुसऱ्या दिवशी दुकानात काचा घासताना मी गाणं गुणगुणत होते म्हणे. मालकांनी विचारलं, लग्न ठरलं का.

संध्याकाळी घरी आले तर बाबा दारातच. नाकाच्या शेंड्याला निळा रंग, कपाळाला निळा रंग, डोळ्यांत चमक. मला हाताला धरून आत नेलं आणि कापड बाजूला करून कात्री दाखवली. आरशासारखी. पात्यात माझे दात दिसत होते.

"तुला सांगतो," बाबा म्हणाले, "गंज काढला आणि सहज म्हणून पातं लादीवर फिरवलं. काय निघालं असेल? आतल्या बाजूला मधे खड्डा! दोन्ही पात्यांना! धारेला आणि पाठीला तेवढं निळं, बाकी सगळं कोरं. वर लांबीतही बाक. इतकी वर्षं ताई वाकड्या कात्रीने कापत होती, म्हणजे बघ. मग काय, पाटीवर धरली आणि केली सरळ. काय चालतो गं तुझा पट्टा! कानशीने मला आठवडा लागला असता. बघ आता, टोकापासून मुळापर्यंत निळं." आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं जे मी कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. "मीच मूर्ख. यंत्र चांगलं आहे."

मी बाबांच्या गळ्यातच पडले. आईसुद्धा बाहेर आली. आत्या आली ती काजवालीला घेऊनच, आणि बँडमास्तरच्या लोकरीची एक चिंधी घेऊन. आम्ही सगळे ओळीने उभे राहिलो. आत्याने कात्री उचलली, पितळी मुठीत हात घातला, चिंधी धरली आणि दाबलं.

कापड कापलं गेलं नाही. दोन पात्यांच्या मधे दुमडलं आणि अडकून बसलं.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पाती एकमेकींवर सपाट घासत होती, जड, आवाज न करता, आणि लोकर त्यांच्यात नुसती चघळली जात होती. काजवालीने हळूच आपल्या पोलक्यातला दोरा ओढून दिला. तोही तुटला नाही, वाकला. आत्याने मूठ सोडली, कात्री टेबलावर ठेवली. आदळली नाही, ठेवली.

"हात नाही, कात्रीच गेली," ती म्हणाली. मग काजवालीकडे वळली. "उद्यापासून तूच काप गं. कोट घेऊन बस. मी येते अकराच्या पुढे कधीतरी."

"बाई, असं काय," काजवाली म्हणाली, "मला नाही यायचं ते."

"येईल. न येऊन जातंय कुठे."

त्या दोघी गेल्या. कात्री आमच्याकडेच राहिली. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी बाबांच्या नाकावरचा तो निळा ठिपका बघून हसूही येत होतं, म्हणजे कुणाला सांगायची सोय नाही अशी अवस्था. बाबा स्टुलावर बसले होते. त्यांना पटतच नव्हतं. "सपाट आहे," ते परत परत म्हणत होते. "इतकी सपाट कात्री दुसरी नसेल. मग कापत का नाही?"

"तशी दुसरी नाही म्हणूनच," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"अहो, माझी भाजीची कात्री कापते ना? मग ती लावा त्या तुमच्या निळ्यावर आणि बघा."

बाबांना ते आव्हानच वाटलं. "कापते म्हणजे सपाटच असणार," म्हणत त्यांनी स्क्रू काढून आईची कात्री सोडवली, पातं लादीवर फिरवलं, उलटं केलं. धारेला निळी रेघ, पाठीला निळी रेघ, मधे कोरं. त्यांनी चष्मा पुसला आणि दुसरं पातं लावलं. कोरं. मग माझी कागद कापायची आणली. कोरं. आईच्या शिवणाच्या डब्यातली छोटी. कोरं. नखं कापायची इटुकली वाकडी कात्री तर लादीवर बसेचना. एकेक कात्री निघत गेली तसतसे बाबा खचत गेले.

"सगळ्या?" ते म्हणाले. "जगातल्या सगळ्या कात्र्या वाकड्या?"

मी भाजीच्या कात्रीचं पातं उजेडात धरलं आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. दिवसभर मी दुसरं करते काय? जवळची नजर कमी असलेल्यांसाठी फुगीर काच आणि लांबची कमी असलेल्यांसाठी खोलगट काच! हे पातंही आतून खोलगट होतं. हाताने चुकून नव्हे, मुद्दाम केलेलं. दोन पात्यांनी एकमेकींना सगळीकडे भेटायचंच नसतं. फक्त धारेशी, तेही एका वेळी एकाच बिंदूशी, आणि तो बिंदू मुळापासून टोकाकडे पळत जातो, म्हणजेच कात्री चालते. आम्ही काय केलं होतं? त्या बिचाऱ्या पात्यांना टोकापासून मुळापर्यंत एकमेकींना चिकटवून टाकलं होतं. शिंप्याच्या घरी, सुताराच्या घरी, कुणाच्याही घरी ही चूक झाली नसती. ती फक्त आमच्याच घरी होऊ शकत होती, कारण सपाट नसलेलं काही दिसलं की आमच्या हाताला खाज सुटते.

"बाबा," मी ओरडले, "चाक!"

"कसलं चाक?"

"मोठं चाक! पट्टा चाकावरून जातो तिथे तो गोल असतो! तिथे पातं टेकवलं की पोकळ होणार!"

बाबा उठले, चष्मा चढवला आणि स्वतः मोटरचं बटण दाबलं.

तो प्रकार मी जन्मात विसरणार नाही. मी पातं चाकावर आडवं धरून मुळाकडून टोकाकडे एका दमात ओढायचे, लगेच पाण्यात, कारण तापून निळसर झालं की पोलाद मऊ पडतं. मग बाबा ते लादीवर फिरवायचे, आणि आता त्यांचा सगळा धर्मच उलटा झाला होता. "मधे अजून लागतंय, अजून लागतंय, घे परत!" परत चाक, परत पाणी. "आता कमी आहे!" परत. आणि मग पातं उलटं करून त्यांनी आरोळी ठोकली, "कोरं! मधे एकदम कोरं! शाब्बास पोरी, ह्याला म्हणतात खड्डा!" आयुष्यभर ज्या माणसाने खड्डे बुजवले तो खड्डा पडला म्हणून नाचत होता. आई दारात उभी राहून पदर तोंडावर धरून हसत होती.

राहिला लांबीचा बाक. तो यंत्राने होईना. बाबांनी लाकडी हातोडा घेतला, पातं दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवलं आणि हलके हलके ठोकू लागले. ठोकायचे, डोळ्यापाशी धरून बघायचे, पुन्हा ठोकायचे. सरळ करताना हाताला जितकं नाजूक लागतं तितकंच वाकवतानाही लागतं, आणि ते त्यांच्या हातात होतंच. मधेच लादीकडे बघून "माफ कर बाई" म्हणाले. शेवटी स्क्रू घट्ट करून पाती जोडली आणि माझ्यासमोर उजेडात धरली. मिटलेल्या पात्यांमधून उजेडाची बारीक फट दिसत होती, टोकाशी आणि मुळाशी तेवढी मिटलेली. बाबांनी कात्री उघडून मिटली. पहिल्यांदाच आवाज आला, कुरकुरीत, काकडी मोडल्यासारखा. आता ते काहीतरी कापून बघणार, आणि आईच्या साडीचा पदर त्यांच्या अगदी जवळ होता, म्हणून मी तो आधी बाजूला केला.

सकाळी आम्ही तिघंही आत्याच्या दुकानात गेलो. मी कामावर उशिरा येते म्हणून कळवलं होतं. ती लाल लोकर टेबलावर पसरलेली, खडूच्या रेषा पुसट झालेल्या, आणि टेबलाशी काजवाली हातात दुसरी कात्री घेऊन पुतळ्यासारखी उभी. अजून एक धागा कापला नव्हता. आत्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, अकराच्या पुढे वगैरे काही नाही, सकाळपासूनच. ती तिथे बसलेली मला बघवेना.

बाबांनी कात्री तिच्यापुढे धरली. "ताई, आता सपाट नाही," एवढंच म्हणाले.

आत्याने ती हातात घेतली आणि कानापाशी नेऊन एकदा चालवली. ती कुरकुर ऐकली मात्र, तिचा चेहरा बदलला. उठली, काजवालीला कोपराने बाजूला सारलं, पुसट रेषांवरून खडू ओढला आणि लोकरीत कात्री घातली. मग थांबलीच नाही. खांद्यापासून खाली कमरेपर्यंत, वळणावरून, एकाच दमात. लाल कापड दोन्ही बाजूंना पडत गेलं आणि पितळी मूठ तिच्या तळव्यात उघडत मिटत राहिली. पुढचा भाग झाला. मागचा झाला. कॉलर झाली. आत्याला कापायला मिळत होतं आणि तिच्या तोंडाची टकळी सुरू झाली होती, बँडमास्तरच्या पोटावर, डॉक्टरवर, बाबांच्या लहानपणीच्या वाकड्या पायांवर. आम्ही तोंड भरून हसत होतो. मला वाटलं, एवढं सुख सोसणार नाही आपल्याला. बाबा नाक ओढत होते आणि लोकरीच्या धुळीला नावं ठेवत होते.

फक्त बाह्या उरल्या. आत्या थांबली. अंगठ्याकडे बघितलं, हलवून पाहिला. दुखत नव्हता, ते आम्हाला सगळ्यांना दिसलं. मग तिने आपली कात्री टेबलाच्या कडेला ठेवली, लाल कापडाचा उरलेला तुकडा नीट केला आणि काजवालीकडे सरकवला.

"बाह्या तू काप."

काजवाली जागची हलली नाही. "बाई, हात बरा झाला ना तुमचा? मग मी कशाला?"

"बरा झाला म्हणूनच. काल दिलं होतं ते हरून दिलं होतं, म्हणून तुझ्या हातून धागा कापला गेला नाही. आज मी माझ्या मर्जीने देतेय." आत्याने तिला खांद्याला धरून टेबलाशी, आपल्या नेहमीच्या जागी उभं केलं आणि स्वतः एक पाऊल मागे सरकली. "आणि बाही वाकडी कापलीस ना, तर मर्जी फिरायला वेळ लागणार नाही."

काजवालीने पदर खोचला, हातातली कात्री उघडली आणि पहिली रेष धरली.